काठोकाठ बाटली

वलगावच्या मैनाबाईंच्या घरातून कोणतंही भांडं कधी अर्धं बाहेर गेलं नाही. शेजारीण ताक मागायला आली, तरी तिची वाटी काठोकाठ भरूनच परत जायची. त्यामुळे अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासायला मागवलेली सुनेची लघवी अर्ध्याच बाटलीत पाहून त्या हबकल्या.

"अवं अनुपमा, एवढीशीच? लोक काय म्हनतीन? भरल्या घरची पोटुशी सून, आन बाटली अर्धी!"

"आत्याबाई, थोडीशीच पुरते म्हणाल्या त्या."

"त्या म्हनतीन. आपल्या घरची काही रीत आहे का नाही?"

रीत पाळायला मैनाबाई स्वतःच बाटली घेऊन मागच्या दारी गेल्या. तरीही बोटभर उणीच राहिली. मग ओट्यावर दात घासत बसलेल्या नवऱ्याला हाक गेली.

"मी? माहा काय संबंध?" खुशालराव दचकले.

"आजा होनार हाव ना? उठा!"

मुलगा देवीदास ती बाटली घेऊन मोटारीनं अमरावतीला गेला. प्रत्येक खड्ड्याला बूच सांभाळताना त्याला घाम फुटला. संध्याकाळी तो तोंड पाडून परतला. लघवीत साखर निघाली होती आणि अनुपमाचं गोड बंद झालं होतं.

तिला नेमके जिलबीचे डोहाळे लागले होते. ती बिचारी भाकरी पुढ्यात घेऊन रडायची आणि मैनाबाईंचा जीव तुटायचा. शेवटी त्या सुनेला आणि नवऱ्याला घेऊन दवाखान्यात थडकल्या.

"बाई, पोरीले एक त जिलबी खाऊ द्या! एवढी तिघायनं मिळून बाटली भरून धाडली, तरी तुमचं समाधान नाही?"

"तिघांनी?" डॉक्टरीणबाईंच्या हातातली नळी निसटता निसटता वाचली.

त्यांनी लगेच तीन वेगळ्या बाटल्या दिल्या आणि कोणी कोणाला मदत करायची नाही, असं बजावलं. थोड्या वेळानं त्या बाहेर आल्या.

"सुनेला काही नाही, तुम्हालाही नाही. साखर यांची आहे. आजपासून यांचं गोड बंद."

"सुटली वं माय!" मैनाबाईंनी हात जोडले आणि नवऱ्याकडे बोट केलं. "मले वाटलं, पोरीलेच काही झालं. यायचं काय, यायले काहीबी होते!"

मग त्यांनी खुशालरावांना दाराकडे पिटाळलं. "जा, सुनेसाठी शेरभर जिलबी आना. आन रस्त्यात तोंडात टाकसान त पाहा!"

परतीच्या मोटारीत अनुपमाला दम धरवेना. लुगड्याला पाक लागू नये म्हणून पुडा सासऱ्यांच्या मांडीवर उघडला गेला. ती खात होती आणि मैनाबाई एकेक करून चव पाहत होत्या. खुशालराव वलगाव येईपर्यंत खिडकीबाहेर तोंड काढून बसले होते.