आधी त्याचं पाणी

कापडणीस साहेब जनावर पाणी प्यायल्याशिवाय चहाला हात लावत नसत. मालक कितीही आग्रह करो, त्यांचं एकच वाक्य ठरलेलं: "आधी त्याचं पाणी, मग माझा चहा."

नाशकात जनावरांचे हाल थांबवणाऱ्या कचेरीत मी निरीक्षक म्हणून लागलो, तेव्हा शहरात टांगे धावत होते. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. नामपूरहून निघताना काका म्हणाले होते, "एवढं शिकीसन ढोरेसना मांगेच ना रे!" सहा महिने उमेदवारी होती. मला कायम करायचं की गावी परत धाडायचं, हे साहेबांच्या शब्दावर होतं.

पहिल्याच दिवशी ते मला टांगा स्टँडवर घेऊन गेले आणि टोपी काढून एका घोड्याला म्हणाले, "काय राजाभाऊ, खांदा कसा आहे तुमचा?" मालकाला मात्र, "युसूफ, नाल बघ की लेका!"

"साहेब, तुमची टोपी दिसली की बादली लावतो," युसूफभाई म्हणाले. "याच्या पेटात पूरी गंगा उतरली!"

राजा बादलीत तोंड घालतोय तोवर चहा आला. आमच्याकडे पुढे आलेला चहा टाळणं म्हणजे माणसाचा अपमान. मी भुरका मारला. सगळा स्टँड वळून माझ्याकडे बघू लागला.

साहेब घोड्याच्या कानाशी वाकले. "राजाभाऊ, तुम्ही आराम करा. यांचं चहापाणी झालंय. आज टांगा हे ओढतील."

"चला नवे साहेब, मी बसतो!" युसूफभाई पायरीवर चढलेसुद्धा.

मी लाजून दोन पावलं मागे सरलो, तशी साहेबांची नजर माझ्या पायांवर गेली. "थांबा. हा लंगडतोय."

नोकरीसाठी घेतलेले नवे बूट चावत होते. साहेबांनी चारचौघांत खाली बसून माझे बूट काढले, टाच दाबून पाहिली. "कातडं सोललंय. याला कामाला जुंपता येणार नाही." बूट काखेत मारून मी अनवाणी कचेरीत परतलो. मागून आवाज आला, "नव्या साहेबांची रजा मंजूर!"

सहा महिने संपत आले तेव्हा साहेब म्हणाले, "संध्याकाळी घरी ये." ते कुणालाच घरी बोलावत नसत. गावी परत जायची मनाची तयारी करूनच मी गंगापूर रोडला पोचलो.

घर लख्ख होतं, पण कुठे हूं की चूं नाही. भिंतीवर साहेबांच्या पत्नीच्या फोटोला हार. साहेबांनी स्वतः चहा ठेवला आणि आधी पाण्याचा पेला माझ्यापुढे केला. मी तो संपवेपर्यंत राजाकडे बघावं तसे बघत राहिले.

"उद्यापासून टांगा स्टँड तू बघ," ते म्हणाले. मग फोटोकडे बघत, "ही गेल्यापासून घरात चहा टाकला नव्हता. समोर पाणी पिणारं कुणी नसलं की उतरत नाही घशाखाली."

मी कायम झालो होतो. आनंदात कपाकडे हात नेला आणि थांबलो. तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून साहेबांपुढे सरकवलं.

"आधी तुमचं पाणी, साहेब."

ते पेल्याकडे बघत राहिले. मग निमूट प्यायले. चहा तोवर गार झाला होता. आम्ही दोघंही तो पुरवून पुरवून प्यायलो.