मायकल साहेबाचं गाऱ्हाणं

सहदेवाच्या पोटात बातमी टिकत नाही, हे अख्ख्या तोंडवलीला ठाऊक. पण ही बातमी मात्र त्याने पचवून दाखवली. मोबाइलवर मेसेज आला होता: तुमच्या नंबराला विलायतेची लॉटरी लागली आहे. त्याने लगेच फोन लावला. मायकल नावाचा कुणी साहेब नाकातून हिंदी बोलत म्हणाला, आधी फी भरा, बक्षीस घरपोच येईल. फक्त कुठे वाच्यता करू नका.

आता फी भरायची तर होडी विकायला हवी. दुसऱ्या दिवशी देवगडचं गिऱ्हाईक येणार होतं, म्हणून बायकोला सांगणं भाग पडलं.

"होडी गेली तर खावचा काय?" आनंदीने विचारलं.

"गो, ट्रॉलर घेवया! ह्या होडयेत काय आसा?"

"ता माका सांगा नको. देवाक इचारल्याशिवाय होडी इकूची नाय."

झालं. सहदेव नारळ घेऊन देवळात गेला. धोंडू गुरव हल्ली जरा घुम्यासारखाच असायचा. त्याची दुभती म्हैस वैभववाडीला सासुरवाडीत पाठवली होती, निदान तो तसं सांगायचा. त्याने देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"काकानू, मनातल्या मनात इचारा," सहदेव कुजबुजला. "गुपित आसा."

"गाऱ्हाणा खंय मनातल्या मनात घालतत? देवाक सगळा सांगूक व्हया."

सहदेव नाइलाजाने कानात सांगत गेला आणि गुरव खणखणीत आवाजात म्हणत गेला. "बा देवा म्हाराजा, ह्या सहदेवाक मोबाइलवर लॉटरी लागली हा."

"व्हय म्हाराजा," मंडपात बसलेली माणसं सवयीने म्हणाली आणि मग माना वळवून सहदेवाकडे बघत राहिली. गुपित गेलंच.

"फी भरूक तो होडी इकता हा."

"व्हय म्हाराजा."

"आणि ही लॉटरी देणारो जो कोण मायकल साहेब..."

गुरव थांबला. हात जोडलेलेच राहिले.

"नाकात बोलता तो?"

"व्हय," सहदेव म्हणाला. "तुमका कसा ठावक?"

गुरव पायरीवर बसला. "माकाय म्हणालो, लाखात तूच एकटो नशीबवान."

"मगे? फी भरलास?"

"म्हस इकून भरलंय. त्येच्यानंतर मेलो फोन उचलूक नाय."

होडी वाचली म्हणून सहदेवाला हायसं वाटलं, आणि ट्रॉलर बुडाला म्हणून रडूही आलं.

"सहदेवा," गुरव हळूच म्हणाला, "आता तूच माझ्यासाठी गाऱ्हाणा घाल. माझा गाऱ्हाणा माकाच घालूक जमणा नाय."

सहदेवाने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, धोंडूकाकांची म्हस परत येयत काय?"

"व्हय म्हाराजा," अख्खा मंडप कळवळून म्हणाला.

डावी पाकळी टपकन खाली पडली.