खोकला कोंबड्याच्या छातीत

दूमप्पा पडवीत तांदळाची पातळ गंजी खायला बसले होते. पहिला घास तोंडाशी नेतात तोच आवाज आला, "खुर्र... खुक्!" सवयीने त्यांनी छातीवर हात ठेवला. छाती शांत होती. खोकला अंगणातून आला होता, लाल कोंबड्याचा.

हा कोंबडा साधासुधा नव्हता. पावसाळाभर दूमप्पा खोकून बेजार झाले, तेव्हा त्यांच्या बायकोने, गिरिजाने, गावच्या भूतस्थानात, म्हणजे गावदैवाच्या ठाण्यात, नवस बोलला होता: यांचा खोकला जाऊ दे, येत्या कोलाच्या उत्सवाला हा कोंबडा तुझा. खोकला गेला. कोला रविवारवर आला. आणि आता कोंबड्याच्या नाकाला पाणी, डोळ्यांच्या कोपऱ्यात फेस, श्वासासाठी चोच उघडी.

शेजारच्या सेसक्का कुंपणापलीकडून कान देऊन ऐकत होत्या.

"दूमण्णा, ओळखीचा वाटतो हो हा खोकला!"

"म्हणजे?"

"तुमचाच की तो. दैवाने तुमच्यातून काढला आणि याच्यात घातला. कुठेतरी ठेवायला नको?"

गिरिजाच्या हातातलं सूप तिथेच थांबलं. "आणि याच्यातून गेला तर?"

"जाणार कुठे बाई? मूळ मालकाकडे."

दूमप्पांनी गंजी तशीच ठेवली आणि छत्री घेऊन जनावरांचा सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरीणबाई घाईत होत्या. "आधी त्याला वेगळा करा, नाहीतर सगळं खुराडं खोकायला लागेल. पाण्याचं भांडं वेगळं. त्याला लावलेले हात धुतल्याशिवाय बाकीच्या कोंबड्यांना लावू नका. जागा कोरडी, हवेशीर. धूर अजिबात नको. ही पूड पाण्यातून द्या. आणि बरा दिसला तरी रोग अंगात दबून राहतो, चार कोंबड्यांत नेऊ नका."

"पण रविवारी त्याला..."

"रविवारी काय?"

"काही नाही," दूमप्पा म्हणाले. आयुष्यातली बरीच संभाषणं त्यांनी अशीच संपवली होती.

घरी गिरिजाने पुडी पाहिली. "औषध? खबरदार! परत ढास लागली तर रात्रभर पाठ कोण चोळणार? सेसक्का?"

"अगं, पण आजारी कोंबडा गुरिकार घेतील का?"

गिरिजा मटकन उंबऱ्यावर बसली. स्थानाचा कारभार पाहणारे गुरिकार बाबण्णा कोंबडा पिसं वर करकरून पारखत. "बरा झाला तर तुम्ही जाणार, नाही झाला तर नवस जाणार," ती म्हणाली. "काय करू हो मी?"

वेगळा ठेवायला मात्र ती तयार झाली. वेगळी जागा म्हणजे न्हाणीघर. तिथे दिवसभर चूल पेटलेली, वर हंड्यात कढत पाणी. त्या पाण्यावरच दूमप्पांचं म्हातारपण तग धरून होतं. पण धूर नको, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने चूल विझवली आणि गिरिजाची पाठ वळताच कोंबड्याच्या वाडग्यात पूड कालवली.

कोंबडा औषध पिऊ लागला आणि दूमप्पा विहिरीच्या गार पाण्याने अंघोळ करू लागले. शुक्रवारी कोंबडा दणदणीत आरवला. त्याच सकाळी दूमप्पांच्या घशात खवखवलं.

गिरिजा आता कोंबड्याकडे बघेना, नवऱ्याकडे बघू लागली. दूमप्पा खोकला गिळत. अगदीच आवरेना तेव्हा ते मागच्या पोफळीच्या बागेत जात.

"दूमण्णा, झाडाला मिठी मारून काय करताय?" सेसक्कांनी विचारलंच.

"सुपारी... किती लागलीय बघतोय."

"मिठी मारून?"

रविवारी सकाळी दोघं टोपली घेऊन स्थानापाशी पोहोचले. आत अंगणात गावभरचे कोंबडे बांधले होते. डॉक्टरीणबाई आठवून दूमप्पांचे पाय फाटकातच घुटमळले. बाबण्णा तिथेच आले. त्यांनी लाल कोंबडा उचलला, तुरा पाहिला, पिसं पाहिली. "झकास पोसलाय!"

गिरिजाचा चेहरा पडला. ती नवऱ्याला निरखू लागली. दूमप्पांच्या छातीतून ढास वर सरकत होती. त्यांनी ओठ घट्ट मिटले. तोंड लालबुंद झालं.

"अहो, डोळ्यांत पाणी का तुमच्या?"

त्यांनी आभाळाकडे बोट दाखवून हात जोडले. भक्तीला बोलावं लागत नाही, एवढीच सोय होती.

इतक्यात बाबण्णांच्या हातातून आवाज आला. "खुर्र... खुक्!"

बाबण्णांनी कोंबडा झटकन टोपलीत परत ठेवला. "हा नाही चालायचा. आत तर आणूच नका, बाकीच्यांना लागेल. आज शहाळं ठेव, गिरिजा, दैव समजून घेतं. कोंबडा पुढच्या वर्षी, धडधाकट झाल्यावर."

"म्हणजे खोकला अजून याच्यातच आहे!" गिरिजाचा चेहरा असा उजळला, की लेकीच्या लग्नातही उजळला नव्हता.

आणि मग दूमप्पांना आवरलं नाही. गुडघ्यांवर हात टेकून, वाकून, ते मनसोक्त खोकले. फाटकाजवळची माणसं वळून पाहू लागली.

"अरे, कुणीतरी यांना पाणी द्या!" बाबण्णा ओरडले.

"राहू द्या हो, ठसका लागलाय नुसता," गिरिजा टोपलीवर पदर धरत म्हणाली. "आधी याला सावलीत घ्या. आणि अहो, घरी गेल्यावर याला न्हाणीघरातच ठेवायचं. पुढच्या कोलापर्यंत चूल पेटवायची नाही, सांगून ठेवते."