मेश्रामकाकांचं चौदावं पाणी

मेश्रामकाकांना प्यायला पाणी दिलं, की ते आधी उजेडात धरून पाहतात. कोणाच्याही घरी. आम्ही भिलाईच्या सेक्टर सहामध्ये राहायला आलो तेव्हा शेजारी म्हणून ते भेटायला आले. माझ्या बायकोनं, सुषमानं, घासूनपुसून लखलखीत केलेल्या ग्लासात पाणी दिलं. काकांनी ग्लास खिडकीकडे धरला, एक डोळा बारीक केला, पाणी स्थिर होऊ दिलं आणि विचारलं, "टाकी कधी धुतली होती जी?"

सुषमा जी आत गेली ती बाहेर आलीच नाही. चहा मला करावा लागला. पुढच्या रविवारी काका स्वतःच शिडी आणि ब्रश घेऊन हजर. दोन तास टाकीत उतरून होते. निघालेला गाळ त्यांनी आमच्याच परातीत घालून सुषमाला दाखवला. "पाह्य बेटा. मानूस खोटं बोलते, पानी नाही बोलत." ती परात आम्ही पुन्हा वापरली नाही, पण काकांशी तेव्हापासून जे जमलं ते जमलं.

काका छत्तीस वर्षं इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये पाण्यावर होते. म्हणजे भट्ट्या थंड ठेवणारं पाणी सांभाळायचं काम. भिलाईत भट्टीवाल्यांचा रुबाब मोठा. मुलगी दाखवायच्या वेळी "मुलगा भट्टीवर आहे" असं छाती फुगवून सांगतात. काकांना हे बिलकूल पटत नाही. "आग तं कोनीबी लावते. थंड ठेवाले डोकं लागते." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून बारशात ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय आणि एकदा तर मयतीत ऐकलंय. तिथं मी त्यांना कोपर मारून गप्प केलं.

निवृत्त झाल्यावर थंड ठेवण्यासारखी एकच वस्तू त्यांच्या हाती उरली. अंगणातली जुनी पांढरी गाडी. आता मजा ऐका. काकांना गाडी चालवता येत नाही. चालवतात काकू. शालिनीकाकू शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून आमची क्वार्टरांची अख्खी लाइन त्यांना मॅडम म्हणते, आणि काकाही मॅडमच म्हणतात. गाडी शिकायला दोघं बरोबरच गेले होते. मॅडम आठ दिवसांत शिकल्या. काकांनी तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्यासकट गाडी नालीत उतरवली आणि कानाला खडा लावला. तेव्हापासून चाक मॅडमचं आणि बॉनेट काकांचं.

दर दसऱ्याला ही गाडी नागपूरला जाते, दीक्षाभूमीला. पावर हाउस स्टेशनातून त्या दिवशी रेल्वे भरभरून जाते, पण मॅडमनी रेल्वेचं कधी नाव काढलं नाही. त्यांचे वडील भंडाऱ्याकडच्या खेड्यातून छप्पन सालच्या पहिल्या दीक्षेला पायी गेले होते. "बाबा पायी गेले. मी माझ्या हातानं गाडी चालवत जाते," असं त्या म्हणतात. बोलणं कमी, पण हे वाक्य दर वर्षी एकदा म्हणतातच. त्या वेळी काका बाजूला उभे राहून असे काही मान डोलावतात, की जणू गाडी तेच चालवतात.

तर या दसऱ्याच्या आधी काका गाडीचं कूलंट बदलतात. इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं पाणी वर्षभरात मातकट होतं. काम एका दिवसाचं, फार तर दोन. इंजिन गार असताना रेडिएटरची खालची तोटी सोडायची, जुनं पाणी टपात काढायचं, साधं पाणी भरून इंजिन चालवायचं, गार होऊ द्यायचं आणि पुन्हा काढायचं. असं स्वच्छ पाणी येईपर्यंत. टपावर काका ताबडतोब फळी ठेवतात, कारण ते पाणी चवीला गोड आणि असतं विषारी. गल्लीतलं कुत्रं प्यायलं तर जिवानिशी जायचं. इंजिन चालू असताना गाडीतला हीटरही पूर्ण उघडा लागतो, नाहीतर त्याच्या नळ्यांतलं जुनं पाणी निघत नाही. म्हणजे भादव्याच्या उन्हात मॅडम हीटर लावून चाकावर बसलेल्या आणि काका बॉनेटमधून ओरडतायत, "द्या थोडी रेस!" हा देखावा बघायला आम्ही खुर्च्या टाकून बसायचो.

प्रत्येक पाण्याचा नमुना काका शरबताच्या रिकाम्या बाटलीत भरतात, नंबराची चिठ्ठी चिकटवतात आणि आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवर ओळीनं मांडतात. प्लांटची सवय. दर वर्षी तीन बाटल्या होतात, फार तर चार.

यंदा गणपती गेले आणि काकांनी तोटी सोडली. आठवडा झाला तरी गाडी उघडीच. बाटल्या सात झाल्या, मग नऊ. हीटर लावून आत आता काकाच बसायचे, घामानं निथळत. "मॅडमले गरम होते," म्हणाले. इतकी वर्षं होत नव्हतं वाटतं. संध्याकाळ झाली की मॅडम दारात यायच्या. "झाली का जी गाडी?" आणि काका म्हणायचे, "एक पानी अजून."

मी मूळचाच तोंडाळ. माझ्या स्वतःच्या गाडीचं बॉनेट मी आजवर दोनदा उघडलंय, त्यातही एकदा चुकून, पण दुसऱ्याची टर उडवायला अनुभव लागत नाही. चौकात चहा पिताना चार लोकांसमोर मी म्हणालो, "काका, गंगेत घोडं कधी न्हाणार? छत्तीस वर्षं भट्ट्या थंड केल्या आणि एक रेडिएटर आटपेना?" सगळे खो खो हसले. काकाही हसले. म्हणाले, "हात नाही राह्यला बाप्पा आता." काकांनी पाण्याच्या कामात हार मानावी, याचं मला तिथंच नवल वाटायला हवं होतं. पण माझं लक्ष हशाकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासत भिंतीपाशी उभा होतो. बाटल्या बारा. पहिली तांबूस, दुसरी तिसरी फिकी, चौथी जराशी. पाचवीपासून बारावीपर्यंत सगळ्या एकसारख्या नितळ. बारावी मी उचलून उजेडात धरली.

"काका, हे तर पिण्यासारखं आहे."

"गढूळ आहे."

"कुठं?"

"आहे थोडं," ते म्हणाले, आणि बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही.

पाण्याबद्दल खोटं बोलणारे मेश्रामकाका मी पहिल्यांदा पाहत होतो. ब्रश खिशात टाकून मी त्यांच्या अंगणात गेलो आणि म्हणालो, "काय झालं, सांगा बरं."

काकांनी आधी घराच्या दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात बोलले. "मॅडमले काचबिंदू आहे. समोरचं दिसते, बाजूचं दिसत नाही. पावसात सिविक सेंटरच्या चौकात सायकलवाला बाजूनं आला, तं हिले दिसलाच नाही. मी वरडलो म्हनून वाचला. मॅडम औषधाच्या खिडकीशी होत्या, तवा डॉक्टरनं मले सांगतलं, आता गाडी बंद करा. मी म्हनलो, तुमी नका सांगू, मी सांगतो. तीन महिने झाले. आज सांगतो, उद्या सांगतो, असंच करून राहिलो."

"मग टाका ना सांगून एकदाचं."

"प्लांटात बड्या बड्या सायबांले तोंडावर सांगतलं मी, भट्टी बंद करा म्हनून. कोनाले भेलो नाही. पन हिले कसं सांगू, भाऊ? वर्षातून एकदा ते चाकावर बसून नागपूरले जाते, तवा तिचं तोंड पाह्यलं का तुमी? जोवर गाडी खुली आहे, तोवर मले सांगा लागत नाही. लोकं हसतेत तं हसू द्या."

लोकं म्हणजे मी. आदल्या दिवशीचा माझा विनोद मला आठवला आणि स्वतःचीच लाज वाटली. मी म्हणालो, "या वर्षी नागपूरला मी चालवतो गाडी." काका म्हणाले, "तुमी चालवान हो. पन मॅडम इचारतीन ना, कावून?" दसरा आठ दिवसांवर आला होता.

रविवारी सकाळी चौदावं पाणी निघालं. काकांनी बाटली भरली, चिठ्ठी लावली आणि भिंतीवर ठेवायला वळले, तर मॅडम मागंच उभ्या. मी भिंतीच्या अलीकडे झाडांना पाणी घालत होतो. भला माणूस असतो तर आत गेलो असतो. मी गेलो नाही.

मॅडमनी बाटली हातातून घेतली आणि बरोबर नाकासमोर धरली. "हे साफ आहे."

"थोडं गढूळ..."

"अहो, मला समोरचं दिसते."

काकांच्या हातात पाना होता. तो त्यांनी बॉनेटच्या कडेवर ठेवला. मग रेडिएटरकडे बघत एका दमात म्हणाले, "मॅडम, तुमी आता गाडी नका चालवू."

"माहीत आहे मला."

"कवापासून?"

"त्या सायकलवाल्यापासून. घरी आल्यावर किती वेळ ओट्याशी नुसती उभी होते मी. तुम्हाला वाटलं मी भाजी चिरून राहिली."

"मंग रोज कावून इचारत होत्या, झाली का गाडी म्हनून?"

"तुम्ही सांगाल म्हणून," मॅडम म्हणाल्या. "मी एकटीनं समजून घेतलं तर ते माझ्या एकटीचंच राहते ना जी. तुम्ही सांगतलं तर दोघांचं होते."

काकांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि बराच वेळ काहीतरी तपासत राहिले. तपासण्यासारखं तिथं काही नव्हतं. मॅडम त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. माझ्या हातातला पाइप कधीचा एकाच कुंडीत चालला होता, माती वाहून गेली.

दुपारी दोघांनी मिळून कूलंट भरलं. मॅडमनी नरसाळं धरलं, काकांनी अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड पाणी मोजून ओतलं, आतली हवा बुडबुडे येऊन निघेपर्यंत थांबले आणि झाकण लावलं. मग मॅडम भिंतीपाशी आल्या. "तुम्ही चालवाल ना हो नागपूरपर्यंत? पण आधीच सांगून ठेवते, मी मागं बसणार नाही."

दसऱ्याला सकाळी निघालो. मी चाकावर, मॅडम माझ्या बाजूला, काका मॅडमच्या मागं. राजनांदगाव येईपर्यंत माझी परीक्षाच चालली होती. "इंजिन ओरडून राहिलं, चौथा गिअर टाका." "इथं पुढं स्पीडब्रेकर आहे." नुसत्या आवाजावर आणि सवयीवर त्यांना सगळं ठाऊक. पुढं देवरीनंतर मात्र त्या गप्प झाल्या. हात मांडीवर, नजर सरळ समोर. त्यांना काय वाटत असेल ते मला कळत होतं, आणि बोलायला काही सुचत नव्हतं. माझ्यासारख्याला सुचत नव्हतं, बघा.

तेवढ्यात काका मागून पुढं वाकले आणि मॅडमच्या सीटला धरून म्हणाले, "डावीकडं तळं आहे, मॅडम."

मॅडमची नजर रस्त्यावरच राहिली.

"मोठं आहे. कमळं आहेत त्याच्यात, पांढरे. एक बाई घाटावर कपडे धुऊन राहिली. आता सरलं तळं. आता धान आहे. खालून हिरवं, वरून पिवळं होऊन राहिलं."

"हे तळं नवीन आहे का जी?" मॅडमनी विचारलं.

"नाही, पहिलेपासूनच असंल. मी कधी पाह्यलं नाही. माझं ध्यान इंजिनच्या गरमीच्या काट्यावर राहे."

"मीही नाही पाहिलं," मॅडम म्हणाल्या. "मी रस्त्याकडं पाहत होते." मग त्या सीटला टेकून बसल्या. "सांगा. उजवीकडं काय आहे?"

काका उजव्या खिडकीकडे सरकले आणि सांगू लागले. बकऱ्या, शाळा, पळसाचं झाड, झाडाखाली पंक्चर काढणारा. माझे डोळे भरून आले होते आणि रस्ता धूसर दिसत होता. मी गाडी साठवरून चाळीसवर आणली. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मी त्याला वाजवू दिलं.