चिलापीवीराचा मुखवटा

"डोळ्यांवर चार बोटं रुंद पट्टी बांधली, की माणूस सख्ख्या आईलाही ओळखू येत नाही! हे शास्त्र आहे!"

दत्तोबांनी हे इतक्या ठामपणे सांगितलं, की सांगून झाल्यावर ते स्वतःच दचकले. ठामपणाची त्यांना सवय नव्हती. पळसदेवच्या वाचनालयात आयुष्य गेलं, तिथल्या कॉमिक्सच्या गठ्ठ्यांवरची धूळ झटकता झटकता त्यांनी ती सगळी वाचून काढली होती. रस्त्यानं जातानाही मान पुस्तकात. समोर म्हैस आडवी आली, तर तिलाच 'माफ करा' म्हणून बाजूला व्हायचे.

पण आता गोष्ट वेगळी होती. लग्नांचं शूटिंग करणारा रणजित सुपरहिरोचा सिनेमा काढत होता. लग्नसराई संपून त्याचा ड्रोन बेकार बसला होता ना! कथा दत्तोबांची. उजनीच्या पाण्यात चिलापी माशाचा काटा रुततो आणि साध्या तरुणाचा चिलापीवीर होतो! ड्रॉवरबाहेर पडलेलं त्यांचं हे पहिलंच लिखाण. त्यांच्या पत्नीनं, लीलाबाईंनी, जुन्या शालूचा चमचमता पोशाख शिवला आणि पाठीवर सोडायला फाटकं जाळं लावून दिलं.

कथेचा सगळा जीव एका प्रसंगात होता. बुडती होडी वाचवून वीर काठावर येतो. सारं गाव विचारतं, 'कोण हाय ह्यो देवमाणूस?' आणि तो उत्तर न देता निघून जातो. हे लिहिताना दत्तोबांचा चष्मा ओला झाला होता.

शूटिंगच्या दिवशी धरणाचं पाणी ओसरून जुनं देऊळ उघडं पडलेलं. गर्दीत सर्वांत पुढं प्रयागबाई. गावातल्या प्रत्येक लग्नाच्या व्हिडिओत त्या पुढंच असत.

"ॲक्शन!"

देवळामागून चिलापीवीराच्या वेशात गावातलाच सूरज आला. छाती अशी फुगवलेली, की शालूची शिवण रडायला लागली.

"कोण हाय ह्यो..." प्रयागबाई थांबल्या. "आरं सूरज! पोटऱ्या बघा, हुबेहूब गेणूच्या! बापावर गेलाय पोरगा!"

"कट! मावशी, तुमी ओळखायचं न्हाय!"

"ओळखू आल्यावर कसं न्हाय ओळखायचं? आंधळी हाय का मी?"

पोटऱ्या झाकल्या. प्रयागबाईंनी खोकला ओळखला. खोकला दाबला, तर मागच्या रांगेनं चप्पल ओळखली. दत्तोबा देवळाच्या दगडावर बसून घाम पुसत होते. शास्त्र अमेरिकेत चालत असेल, पळसदेवात चालेना!

रणजितनं मग बारामतीहून मित्राला बोलावलं. ज्ञानेश. या गावात त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"ॲक्शन!"

प्रयागबाईंनी वीराला खालून वर न्याहाळलं.

"कुणाचा रं तू? गाव कुठलं?"

ज्ञानेश वळण लागलेला मुलगा. वडीलधाऱ्या माणसानं विचारल्यावर गप्प कसा बसणार? मुखवट्यातून म्हणाला, "बारामती."

"आन् मामाचं गाव?"

"निरवांगी."

"म्हंजी आमच्या अनिताचा तू! तुझ्या आईच्या लग्नात मी जेवलीय रं!"

आणि चिलापीवीरानं वाकून प्रयागबाईंच्या पायांना हात लावला. त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली, चहा आला, वीर बशी घेऊन देवळाच्या पायरीवर बसला.

रणजित दत्तोबांजवळ आला. "तात्या, मुखवट्याचा नाद सोडू. हिरो सगळ्यांच्या ओळखीचा. गाव त्याला फेटा बांधतंय, वरून ड्रोन, खाली डीजेचं गाणं!"

दत्तोबा दगडावरून उठले. म्हणजे पुन्हा एक लग्नच! कथा पुन्हा ड्रॉवरमध्ये जाणार, आणि या खेपेला फेटा बांधून!

"मी... मी घालून बघू का?" त्यांचं त्यांनाच नीट ऐकू आलं नाही.

सूरजच्या मापाचा पोशाख त्यांच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. मागून जाळं एक काटेरी फांदी ओढत येत होतं. 'आता फजिती,' दत्तोबा मनात म्हणाले. 'सुट्टीच्या दिवशी घरी वाचत बसायचं सोडून...'

"ॲक्शन!"

प्रयागबाईंनी पोटऱ्या पाहिल्या. चप्पल पाहिली. वीराभोवती एक फेरी मारली. शेजारणीकडं पाहिलं, शेजारणीनं मान हलवली.

"आगं बया..." त्यांनी पदर तोंडाला लावला. "कोण हाय ह्यो देवमाणूस?"

दत्तोबा उत्तर न देता, फांदीसकट निघून गेले.

"कट! एक नंबर, तात्या!"

दत्तोबांच्या छातीत ढोल वाजायला लागले. शास्त्र खरं ठरलं! चार बोटं पट्टी! त्यांनी विजयानं मुखवटा काढला आणि गर्दीकडं वळून, आयुष्यात पहिल्यांदाच, सगळ्यांसमोर हसले.

प्रयागबाई तशाच बघत होत्या.

"आन् कोण हाय ह्यो?"

"मावशी, शॉट संपला!" रणजित ओरडला.

"शॉटचं न्हाय रं, मी खरंच इचारती!"

"मी दत्तोबा," दत्तोबा म्हणाले. "वाचनालयाचा."

"कुठल्या?"

"तुमच्या... तुमच्या दारासमोरच्या."

प्रयागबाईंनी डोळे बारीक केले. मग एकदम चेहरा उजळला.

"आसं व्हय! लीलाबाईंचं मालक! मग आधी न्हाय का सांगायचं? आरं, चहा द्या ह्यांना!"

दत्तोबांनी चहा घेतला. पण त्याआधी मुखवटा हळूच पुन्हा चढवला. त्यात निदान देवमाणूस तरी म्हणत होते.