म्हशीच्या तोंडी गेलेलं वाक्य

सूर्यनारायण राजूंनी तीस वर्षांपूर्वी सिनेमात एक वाक्य म्हटलं होतं आणि तेव्हापासून आंध्रातल्या भीमवरमला त्यांनी सुखाने जगू दिलं नव्हतं. गुंड गावावर चालून येतात तेव्हा राजू छाती काढून म्हणतात, "आधी मला आडवं करा, मग पुढे जा!" एवढंच. प्रत्यक्ष ऐकलेलं मात्र कुणीच नव्हतं, कारण सिनेमा थेटरात चार दिवसही टिकला नाही.

यंदा नवा जावई पहिल्या संक्रांतीला आला. राजूंनी टीव्हीला बिनतारी स्पीकर घेतले, सिनेमा पेनड्राइव्हवर मिळवला आणि भाऊबंद गोळा केले. चुलतभाऊ रामभद्र राजूंना मुद्दाम पुढे बसवलं, कारण ते त्या वाक्याला थाप म्हणत.

गुंड आले. पडद्यावर तरुण राजूंनी तोंड उघडलं, मिटलं. आवाज नाही. मग वाटेत उभी असलेली म्हैस दिसली आणि खोली दणाणली, "आधी मला आडवं करा, मग पुढे जा!"

रामभद्र राजू पोट धरून हसले. "सूरी, काम झकास केलंस हां! शिंगं खरी होती का रे?"

सूर्यनारायण राजूंना रडूच यायचं बाकी होतं. जन्मात एक वाक्य मिळालं, तेही म्हशीने पळवलं. "जावईबापू, तुम्ही हैदराबादेत कॉम्प्युटरवाले. आमची अब्रू तुमच्या हाती."

जावई प्रणीत वर्मा बँकेचं सॉफ्टवेअर लिहायचा; घरचा टीव्ही बायको लावायची. पण सासुरवाडीत असं कबूल करतात होय? "बिनतारी आवाज मागे राहतो, मामय्यगारू. सेटिंगमध्ये जाऊन तेवढा उशीर वजा करायचा, की झालं," सासऱ्यांना म्हणत तो उठू लागला.

"बसा खाली!" सासूबाई वरलक्ष्मी गरजल्या. "अजून चाळीस पदार्थ राहिलेत!"

गोदावरीच्या मुलखात संक्रांतीचा जावई फक्त खातो. त्याच्या दोन्ही हातांत गुळाच्या पाकातले वडे होते. तशाच बोटांनी त्याने स्पीकरचा रिमोट घेतला, घाईत वजाऐवजी अधिक दाबलं आणि पाकाने बटण आतच चिकटलं. उशिराचा आकडा वाढतच गेला.

तोवर राजूंनी धीर करून प्रसंग पुन्हा लावला होता. राजूंचं तोंड हललं. सामसूम. म्हैस आली. सामसूम. मग धुरळ्यातून खुद्द नायक उगवला, त्याने नजर रोखली आणि राजूंच्या आवाजात गरजला, "आधी मला आडवं करा, मग पुढे जा!"

खोलीभर शिट्ट्या झाल्या. रामभद्र राजू उभेच राहिले. "सूरी! नायकाला आवाज तू दिलास? आणि तीस वर्षं नुसतं एका वाक्याचं सांगत बसलास?"

"आपल्याच तोंडाने काय सांगायचं," राजू मान खाली घालून म्हणाले.

एवढ्यात प्रणीत आनंदाने ओरडला, "मामय्यगारू, बटण सुटलं! आत्ता वजा करून नीट करतो!"

राजूंनी त्याच्या हातातून रिमोट अलगद काढून घेतला. "वरलक्ष्मी, जावईबापूंचे हात रिकामे दिसतायत. वाढ की!"