पॉलीन आंटीचे पाहुणे

आनंदा गावडेने नव्या घराच्या कुलपात किल्ली घातली आणि ती फिरवणार तोच दार आतून उघडलं. समोर टॉवेल गुंडाळलेला, तोंडात टूथब्रश धरलेला एक तरुण उभा होता.

"कोन पायजे?" त्याने फेसातून विचारलं.

"कोण पाहिजे म्हणजे? आम्ही राहायला आलोय. तुम्ही कोण?"

"आम्ही काल आलो."

आनंदाच्या मागे त्याची बायको अंबिका गॅसची शेगडी घेऊन उभी होती. तिच्या मागे आई सुभद्रा, हातात दुधाचं पातेलं. खाली टेम्पोवाला कपाट उतरवत होता. लालबागची खोली त्यांनी कालच धाकट्या भावाला, मयूरला दिली होती. त्याचं लग्न तोंडावर आलं होतं आणि खोलीला रंग लावायला माणसं आली होती. परत जायला जागा नव्हती.

अंबिका काही भोळी नव्हती. घर न दाखवता टोकन मागणाऱ्यांना तिने फोनवरच झाडलं होतं. 'परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो' म्हणणाऱ्याला तर तिने त्याच्या आईची शपथ घालून रडवलं होतं. पण घरमालकीण पॉलीन आंटीचा भाचा म्हणवणाऱ्या या रूपर्टने माटुंग्याचं घर स्वतः किल्लीने उघडून दाखवलं. पॉलीन मावशीच्या नावाचं लाइट बिल दाखवलं, दारावर पाटीही त्याच नावाची. मावशी बहिणीकडे वसईला, भाडं कमी कारण तिला माणसं चांगली हवीत. अंबिका अडून बसली, तेव्हा त्याने मावशीला फोनही लावून दिला. पलीकडून एक बाई खोकत खोकत "गॉड ब्लेस यू" म्हणाली. करार रजिस्टर मावशी आल्यावर करू, म्हणाला. आणि शेजारी कुणाशी बोलू नका, भाडेकरू म्हटलं की कमिटी कटकट करते, पॉलीन आंटीचे पाहुणे म्हणून सांगा.

अंबिकेला शेजारची बेल वाजवायची होती. पण तेवढ्यात तो म्हणाला, "दुसरी पार्टी तयार आहे, संध्याकाळपर्यंत सांगा." आनंदाच्या फंडातले पैसे त्याच संध्याकाळी डिपॉझिट म्हणून गेले.

ही दुसरी पार्टी आता टॉवेलवर समोर उभी होती. रूपर्टच्या बोलण्यात तेवढंच एक खरं निघालं.

तरुणाचं नाव स्वप्नील. त्याची बायको अनुजा आतून तसाच करार घेऊन आली. दोन्ही कागदांवर पॉलीन आंटीची सही होती, फक्त दोन वेगवेगळ्या अक्षरांत.

"आमची तारीख आधीची," स्वप्नील म्हणाला.

"डिपॉझिट आमचं जास्त," आनंदा म्हणाला, आणि हे आपण अभिमानाने का सांगतोय, ते त्याला कळेना.

भांडण तासभर चाललं. टेम्पोवाल्याने सामान जिन्यात टाकलं आणि तो निघून गेला. सुभद्राने मात्र त्या गडबडीत स्वयंपाकघर गाठून दूध उतू घातलं आणि जाहीर केलं, "गृहप्रवेश आमचो झालो. आता काय ता बोला."

शेवटी बेडरूम स्वप्नीलला, हॉल गावड्यांना, असं ठरत आलं होतं. तेवढ्यात दारात एक ठेंगणी म्हातारी बाई येऊन उभी राहिली. फ्रॉक, हातात प्रवासाची बॅग.

"कोन हाय तुमी लोक?"

चौघांनी एका सुरात सांगितलं, "आम्ही पॉलीन आंटीचे पाहुणे!"

"पॉलीन मीच हाय," बाई म्हणाली.

मग सुभद्रा पुढे झाली आणि तिने मायेने विचारलं, "बाय गो, खोकलो बरो झालो मा?"

पॉलीनला खोकला कधी झालाच नव्हता आणि भाचाही नव्हता. बहिणीच्या ऑपरेशनसाठी वसईला जाताना तिने एका गोड बोलणाऱ्या मुलाला महिनाभर घर दिलं होतं, एवढंच. सगळे मिळून पोलीस चौकीत गेले. तिथल्या हवालदाराने सगळं ऐकून घेतलं.

"आरोपी कुठाय?"

"पळाला."

"फोटो? खरं नाव? काहीच नाही? मग लिहू काय? साहेब आले की या."

परत येताना अनुजा रस्त्यातच रडायला लागली. वेगळं राहायचं म्हणून ती वडाळ्याच्या घरी सासूशी कडाडून भांडून निघाली होती. आता त्याच बॅगा घेऊन त्याच सासूपुढे उभं राहायचं होतं. स्वप्नीलने घरी जाऊन बॅगा खाली आणल्या. दोघं टॅक्सीत बसले तेव्हा अंबिकेने तिच्या हातात चकल्यांचा डबा दिला. दुसरं काही द्यायला नव्हतं.

पॉलीनने गावड्यांचं सामान बघितलं, सुभद्राच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं. "दोन दिवस ऱ्हावा," ती म्हणाली. "मंग बघा कुठं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पॉलीन चर्चला गेली आणि अंबिका बाजारात. बेल वाजली. आनंदाने दार उघडलं. बाहेर एक धिप्पाड गृहस्थ, त्यांची बायको लतिका आणि चार सुटकेसी.

"नमस्कार! आपलं फोनवरच सगळं झालं," गृहस्थ आत येत म्हणाले. "व्हिडिओत हॉल मोठा वाटला होता हो."

यांनाही रूपर्टने फसवलंय आणि ते आपल्यालाच सांगायचंय, हे आनंदाला कळत होतं. लतिका खिडकीपाशी जाऊन पडद्याचं माप घ्यायला लागली, तेव्हा तर त्याच्याच्याने बोलवेना. "आधी चहा घ्या," तो म्हणाला. चहा झाल्यावर त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं.

गृहस्थ उठले आणि त्यांनी त्याची कॉलर धरली. "पैसे घेताना नाही सुचलं हे, रूपर्ट?"

"अहो, मी रूपर्ट नाही!"

"झिल माझो तो!" सुभद्रा धावत आली. "आनंदा नाव त्याचा!"

"बघ लतिका! नावसुद्धा खोटं!"

चौकीत कालचा हवालदार नव्हता, दुसरा होता. आरोपी हजर असल्यामुळे त्याने ताबडतोब कागद पुढे ओढला. फिर्यादीला खुर्ची दिली, पाणी दिलं. आनंदा भिंतीला लागून उभा होता. काल इथेच हात जोडून त्याने जे सांगितलं होतं, तेच सगळं आज शब्दाला शब्द लिहिलं जात होतं.

सुभद्राने फोन केल्यावर अंबिका भाजीच्या पिशवीसकट धावत आली.

"हा तुमचा कोण?" हवालदाराने विचारलं.

"नवरा." अंबिकेने धाप टाकली. लिहिलेल्या कागदाकडे बघितलं. मग पिशवी खाली ठेवली. "साहेब, आमचीही तक्रार आहे. अशीच. तीपण लिहून घ्या."

"कोणाविरुद्ध?"

अंबिकेने आनंदाकडे बघितलं. संसार इतक्या वर्षांचा होता, तिच्या मनात काय आहे ते त्याला कळलं. त्याने हळूच मान हलवली.

"यांच्याविरुद्धच लिहा," ती म्हणाली. "पण लिहा. खरा सापडला की नाव बदलू."

हवालदाराने खांदे उडवले आणि दुसरा कागद घेतला. आनंदाने पूर्ण नाव सांगितलं, वय सांगितलं, नोकरी सांगितली.

"राहण्याचा पत्ता?"

आनंदाने अंबिकेकडे बघितलं. अंबिका खिडकीबाहेर बघत होती.